दांडी घरमालकाची, पडदा आपला

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा एकदा घर बदललं. लग्नानंतरचं हे सातवं. आता सामान बांधायचा असा सराव झालाय की कुठल्या खोक्यात पोळपाट आणि कुठल्यात देव, हे मी डोळे मिटून सांगेन. पण सातही घरांत एक प्रश्न दर वेळी नव्याने पडला आणि दर वेळी मी तो किरकोळ म्हणून शेवटावर ढकलला. पडद्यांचा.

हसू नका. नव्या घरात पहिल्या रात्री दिवा लावला, की बाहेरच्या अंधारातून आपण सगळ्या आळीला दिसतोय हे एकदम लक्षात येतं. मग जुनी चादर शोधा, ती खिडकीच्या गजांत खोचा, नाहीतर सरळ वर्तमानपत्र चिकटवा. आमच्याकडे तिसऱ्या घरात ते वर्तमानपत्र चौदा महिने काचेवर होतं. शेवटी त्यावरच्या बातम्या पाठ झाल्या होत्या.

तर यावेळचं घर अलोऱ्याला. चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी जो भाग लागतो, त्यातलं हे गाव. नवऱ्याची दोन वर्षांची नेमणूक, म्हणून आलो. मला मात्र हे माहेरी आल्यासारखं आहे, कारण माझं शाळेपर्यंतचं सगळं आयुष्य इथल्या प्रकल्पाच्या क्वार्टर्समध्ये गेलं. आता घेतलेलं घर कॉलनीतलं नाही. गावातल्या एका काकूंचं, चिऱ्याचं, पुढे पडवी आणि मागे फणस असलेलं.

घर बघायला गेलो तेव्हा मी पाणी किती वेळ येतं, गॅस कुठून मिळतो, सगळं विचारलं. दांड्यांकडे बघितलंही नाही. राहायला आल्यावर बघितलं तर चार खिडक्या आणि चार तऱ्हा. हॉलमध्ये स्टीलचा चांगला इंचभर जाडीचा रॉड, टोकांना गोळे. झोपायच्या खोलीत नुसत्या दोन हुकांमध्ये ताणलेली पांढरी स्प्रिंग. मुलीच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल, त्यातली निम्मी चाकं गायब. आणि स्वयंपाकघरात दोन खिळ्यांवर टेकवलेली गंजकी लोखंडी सळई. काकू म्हणाल्या, "हॉलचा रॉड मुलाच्या लग्नात घातला, बाकीचं जसं जमलं तसं." आणि पाठोपाठ सूचना, "नवीन भोक मात्र पाडू नको हां बाय. चिऱ्याची भिंत, गिलावा लगेच सुटतो."

त्यांचं खरं आहे. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. ड्रिल लावलं की भोक हवं त्यापेक्षा मोठं पडतं, त्यात प्लग बसत नाही, आणि चार महिन्यांनी रॉड, पडदा आणि मूठभर लाल माती एकदमच खाली येते. हा अनुभव मी आधीच्या एका घरात घेतलाय, डिपॉझिटमधून त्याची किंमतही मोजली आहे.

आमच्याकडे पुण्याच्या घरातले रिंगवाले पडदे होते. ते मी चारही खिडक्यांना लावून बघितले. हॉलमध्ये झकास बसले. स्प्रिंगवर लावले तर मधोमध असा झोळ पडला की पाळणा टांगलाय असं वाटावं. चॅनेलला ते लागायचा प्रश्नच नव्हता. सळईवर एवढ्या मोठ्या रिंगा बांगडीसारख्या खुळखुळायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चिपळूणला दुकानात गेले, तर दुकानदाराचा सल्ला, "ताई, चारही ठिकाणी नवे रॉड घालून टाका, घराला एकसारखा लूक येईल." घरी नवऱ्याचं मत त्याच्या बरोबर उलट. "दोन वर्षांसाठी कशाला खर्च? चादरी लाव."

मला दोघांचंही पटलं नाही. आणि इतकी वर्षं मीही आलटून पालटून या दोघांसारखंच वागत आले होते, हेही तेव्हाच लक्षात आलं. एक जण भाड्याच्या घराला स्वतःचं करायला बघतो, दुसरा ते घरच धरत नाही. माझं आताचं मत असं आहे: भाड्याच्या घरात दांडी आहे तशी मान्य करावी, तिच्या स्वभावाप्रमाणे पडदा निवडावा, आणि तो पडदा मात्र मनापासून घ्यावा.

दांडीला स्वभाव असतो हे खरंच आहे. स्प्रिंगला वजन सोसत नाही. तिला नेफ्याचा पडदा लागतो, म्हणजे वरच्या बाजूला दुमडून शिवलेल्या बोगद्यातून स्प्रिंग ओवायची. कापड हलकं हवं: मलमल, व्हॉइल, पातळ सुती. स्प्रिंग खिडकीच्या मापापेक्षा दोन-तीन इंच आखूड तोडायची म्हणजे ताण राहतो, आणि चार फुटांपेक्षा रुंद खिडकीला तिच्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. जाड रॉडला रिंगवाला पडदा शोभतो, पण तो घडीघडीने पुढेमागे होत उभा राहतो, म्हणून रॉड आणि भिंत यांच्यात तीनेक इंच अंतर लागतं. नाहीतर पडदा भिंतीला घासतो आणि चुना घेऊन येतो. चॅनेलला चुण्यांचा पडदा, वर पट्टी शिवून त्यात हुक. चॅनेलची चाकं हरवली म्हणून चॅनेल टाकून द्यायचं कारण नाही. चाकं सुटी मिळतात, टोकाचं बूच काढून आत सरकवली की झालं. मी दहा मिनिटांत बसवली आणि नंतर अर्धा दिवस त्याचं कौतुक सांगत फिरले.

राहिली सळई. कोकणात लोखंड आणि कापड यांचं जमत नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा की गंज नेफ्यात उतरतो आणि तो डाग मग कशानेही जात नाही. उपाय सोपा आहे. काचकागदाने सळई घासायची, रेड ऑक्साइडचा हात मारायचा, आणि वायरिंगसाठी वापरतात तो पीव्हीसीचा पाईप खिडकीच्या मापाने तोडून सळईवर चढवायचा. पडदा पाईपवर सरकतो आणि सळई आत निवांत राहते.

मापाचंही सांगून टाकते, कारण यात मी दोनदा फसले आहे. आपण खिडकी मोजतो. मोजायची दांडी. लांबी दांडीच्या खालच्या कडेपासून धरायची. तयार पडदे साधारण तीन मापांत मिळतात: खिडकीचे पाच फुटी, दाराचे सात फुटी आणि लांब दाराचे नऊ फुटी, रुंदी चारेक फूट. पडद्याला चुण्या पडायला हव्यात तर दांडीच्या दुप्पट कापड लागतं. आमच्या हॉलची दांडी सहा फूट, म्हणजे तीन पडदे. दोनच घेतले तर ते ताणून वाळत घातलेल्या धोतरासारखे दिसतात. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवायचं, कारण ते आटतं. आणि खालची दुमड चांगली सहा इंच ठेवायची. पुढच्या घरातली दांडी वर असेल तर ती उसवता येते. सतत घरं बदलणाऱ्याचा पडदा वाढत्या अंगाच्या मुलाच्या फ्रॉकसारखा शिवावा.

पावसाळ्याचा विचार तर हवाच. रबरासारखं अस्तर असलेले जाड पडदे शहरात दुपारच्या झोपेला उत्तम. इथे त्या अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि पडदा आठवडाभर वाळत नाही. जमिनीपर्यंत लोळणारे पडदेही इथे नकोत. खिडकीच्या कठड्याखाली वीतभर आले की पुरे. वाऱ्याबरोबर आत येणारी झड अर्धा पडदा तरी भिजवतेच, तो उद्या सकाळपर्यंत सुकला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा भोक न पाडता बसणारा टेन्शन रॉड का नाही? जिथे मुळात दांडीच नाही अशा छोट्या खिडकीला जरूर घ्या, चौकटीत दाबून बसवता येतो. चिकटवायचे हुक मात्र ओल धरणाऱ्या भिंतीवर टिकत नाहीत, रात्री दोन वाजता धप्पकन आवाज करून सांगतात. आणि दांडी खरोखर मोडकी असेल तर बदलावीच. फक्त मालकांना विचारून, जुन्याच भोकांत, आणि जाताना तिथेच ठेवून.

विचारायचाही आपण उगाच संकोच करतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर भाडेकरूला घर सोडावं लागू शकतं, पण लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा असल्या गोष्टी पक्क्या बांधकामात धरलेल्या नाहीत. कायद्याने ओट्यापर्यंत मोकळीक विचारात घेतली आणि आपण एका खिळ्यासाठी दोन वर्षं उघड्या खिडकीत बसतो! अर्थात अकरा महिन्यांच्या करारात मालकाच्या शब्दाला कायद्याहून जास्त वजन असतं हेही मला कळतं. म्हणून तर म्हणते, आहे त्या दांडीशी जमवून घ्यावं.

परदेशातल्या आपल्या मंडळींच्या तऱ्हा अजून वेगळ्या. माझी मामेबहीण जर्मनीत भाड्याच्या घरात गेली तर तिथे दांड्या नाहीत, दिवे नाहीत, स्वयंपाकघरात ओटासुद्धा नाही. तिथे बरेच भाडेकरू हे सगळं आपलं आपण आणतात आणि जाताना घेऊन जातात. उलट अमेरिकेत चुलतभावाच्या अपार्टमेंटमध्ये मालकानेच पट्ट्यांचे पांढरे ब्लाइंड लावून दिलेले, निवडायला काही शिल्लकच नाही. मला आपली पद्धत बरी वाटते. दांडी घराची, कापड माणसांचं. जाणारा दांडी ठेवून जातो, येणारा त्यावर आपला रंग चढवतो.

अलोऱ्याला येऊन हे सुचावं यात नवल नाही. हे गाव आहे त्यावर पुढचं बसवण्यातूनच वाढलं. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांचं वीजगृह पोफळीला, डोंगराच्या पोटात. तिथे वीज करून सुटलेलं पाणी खाली कोळकेवाडीच्या धरणात अडवायचं आणि त्यावर पुन्हा ३२० मेगावॅट वीज करायची, हा तिसरा टप्पा, म्हणजेच अलोऱ्याचं वीजगृह. मग ते पाणी वाशिष्ठीत. बाबा आम्हा मुलांना हे सांगताना म्हणायचे, वरून येणारं पाणी बदलता येत नव्हतं, म्हणून खालचं यंत्र त्याच्या मापाने केलं. एवढं मोठं काम ज्यांना जमलं त्यांच्या मुलीला चार दांड्यांशी जमवून घेता येऊ नये?

त्या काळात कॉलनी भरलेली होती. चौथ्या टप्प्याचं काम चालू होतं. १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयात लेक टॅपिंग झालं तेव्हा घराघरांत दुसरा विषय नव्हता. कॉलनीतला प्रत्येक जण कुठून तरी बदलून आलेला आणि कुठे तरी बदलून जाणार. आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांना निम्म्या उंचीवर स्प्रिंगचे हुक होते. आमच्या आधीच्या कोणी तरी ठोकलेले. आईने आपली एक जुनी निळी व्हॉइलची साडी फाडून अर्धे पडदे केले. हिशोब बघा: साडेपाच मीटरची साडी म्हणजे अठरा फूट. चार फुटी खिडकीला दुप्पट कापड आठ फूट. एका साडीत दोन खिडक्या, वर उशीच्या अभ्र्याला तुकडा. खालच्या अर्ध्यातून रस्त्यावरचं कोणी दिसत नसे, वरच्या अर्ध्यातून वारा आणि उजेड आत येई. दमट हवेला याच्याहून चांगला पडदा मी आजवर कुठल्याही दुकानात पाहिलेला नाही. शिवाय कोयनेच्या भागात अधूनमधून भूकंपाचे धक्के जाणवतात. १९६७ चा मोठा भूकंप आईबाबांच्या पिढीच्या मनातून कधी गेलाच नाही. रात्री काही हललंसं वाटलं की आई आधी त्या पडद्याकडे बघायची. वारा नसताना पडदा हलत असेल तर आम्हाला अंगणात घेऊन जायची.

पण आईच्या लेखी हे खरे पडदे नव्हतेच. खरे पडदे ट्रंकेत होते. चिपळूणहून हौसेने घेतलेलं बारा मीटर हिरवं कापड, त्यावर बांबूची पानं. "आपल्या घराला लावू," असं ती म्हणायची. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ते कापड बाहेर निघे, त्याला ऊन दाखवलं जाई, डांबराच्या गोळ्या बदलल्या जात आणि ते परत ट्रंकेत. मला आठवतंय, एकदा मी ते अंगाभोवती गुंडाळून घरभर फिरले होते आणि ओरडा खाल्ला होता. बाबा निवृत्त झाले, कराडला फ्लॅट घेतला, त्याला सरकत्या खिडक्या आणि वर चॅनेल. आईने कापड शिंप्याकडे नेलं. घड्यांवर ते पिवळं पडलं होतं, आणि शिंप्याने ताणून बघितलं तर प्रत्येक घडीवर टरटर फाटलं. आई घरी आली, काही बोलली नाही. त्या कापडाची पुसणी केली. बांबूच्या पानांनी आम्ही कित्येक वर्षं गॅस पुसला.

ते कापड घेतलं तेव्हाच त्या हुकांवर लागलं असतं तर? जास्तीत जास्त काय झालं असतं, विटलं असतं. पण विटण्याआधी आठ-दहा वर्षं त्यातून उजेड आत आला असता.

आणि आपलं घर म्हणजे तरी काय? माझी मावशी चिपळूणला, स्वतःच्या घरात, तळमजल्यावर. तिच्याकडे पडदे, दांड्या, गाद्यांच्या खोळी, सगळं मापाने केलेलं, मी नेहमी हेव्याने बघायचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. माणसं वेळेत वर गेली, एवढंच. पाणी उतरल्यावर दांड्या जागेवर होत्या आणि त्यांना चिखलाची लक्तरं लोंबत होती. पुढचे दोन महिने त्या दांड्यांवर मदतीत आलेल्या चादरी होत्या. मावशी म्हणाली, "रंग काय बघतेस, आडोसा आहे ना!" स्वतःच्या घराची वाट बघत कपाटात ठेवलेल्या वस्तूंवरचा माझा विश्वास त्या दिवसापासून उडाला.

तर या घरात मी चार खिडक्यांना चार तऱ्हेचे पडदे लावलेत. हॉलमध्ये पुण्याचे रिंगवाले. मुलीच्या खोलीत चॅनेलला चुण्यांचे, तिने निवडलेले, भडक केशरी. (ही निवड मला पटलेली नाही, पण खोली तिची आहे.) स्वयंपाकघरात चौकटीचं सुती कापड. झोपायच्या खोलीत माझी पिवळी साडी, नेफा घालून. लूक एकसारखा नाही. पण चारही पडदे सरकतात, वाळतात आणि रात्री दिवा लावला की आम्ही फक्त आम्हालाच दिसतो.

आईला फोनवर सगळं सांगितलं. पिवळी साडी फाडली म्हटल्यावर ती क्षणभर गप्प झाली, कारण ती साडी तिनेच दिली होती. मग विचारलं, "खालची दुमड किती ठेवलीस?" म्हटलं, सहा इंच. म्हणाली, "बरं केलंस."

चॅनेलची उरलेली चार चाकं एका डबीत घालून मी माळ्यावर ठेवली आहेत. डबीवर चिठ्ठी लावलीय: मुलांच्या खोलीतल्या खिडकीची. आमच्यानंतर जो कोणी येईल त्याला उपयोगी पडतील.